मेंदूचा निरोप आणि जठराचे अम्ल

दुपारी साडेबाराचा सुमार आहे. रायपूरच्या एका कचेरीत काम करणारे एक गृहस्थ जेवणाच्या सुटीत घरी आले आहेत. ते अद्याप हातपाय धूत आहेत. अन्नाचा एक कणही त्यांच्या मुखात गेलेला नाही. इतक्यात स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो, ताटे मांडल्याचा आवाज होतो आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. हे पाणी सुटलेले त्यांना जाणवते. परंतु त्याच वेळी शरीरात आणखी एक घटना सुरू झालेली असते आणि ती त्यांना मुळीच जाणवत नाही. त्यांच्या रिकाम्या जठराच्या आतील आवरणातून अम्ल पाझरू लागलेले असते.

अन्न अजून ताटातच आहे. मग ते येणार असल्याचे जठराला कळले कसे? हा निरोप कोणी दिला, तो कोणत्या वाटेने गेला आणि काम संपल्यावर अम्लाचा स्राव थांबवतो कोण, या प्रश्नांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. पोटात जळजळ होऊ लागली की 'फार विचार करता, म्हणून पित्त वाढते' असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो कितपत खरा आहे, यावर कित्येकदा रुग्णाला योग्य उपचार मिळणे किंवा न मिळणे अवलंबून असते.

अम्ल कशासाठी?

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. बोलताना आपण जठरातील आंबट द्रवाला 'पित्त' म्हणतो. शरीरशास्त्राच्या भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरणारा हिरवट-पिवळा रस होय. जळजळीला बहुधा कारणीभूत होणारा द्रव तो नव्हे. तो असतो जठररस आणि त्याचा मुख्य घटक असतो हायड्रोक्लोरिक अम्ल. जठरात हेच अम्ल असते असे इंग्रज वैद्य विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. कारण हे खनिज अम्ल धातूंनाही खाऊन टाकणारे आहे.

प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाकाठी साधारणतः दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो. त्यातील अम्लामुळे अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात, प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सिन हे एंझाइम कार्यक्षम होते आणि अन्नातील लोहाचे शोषण सुलभ होते. हे अम्ल जठराच्या भित्तीतील विशिष्ट पेशी तयार करतात. त्यांना भित्तीय पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीत असंख्य सूक्ष्म पंप असतात. ते पोटॅशियमचे आयन आत घेतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर टाकतात. पंप पूर्ण जोराने चालू असताना बाहेर पडणाऱ्या द्रवातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहून अधिक असते.

इतके तीव्र अम्ल ज्या पिशवीत साठते, ती पिशवी स्वतःच मांसाची बनलेली आहे. ती पचून जात नाही, कारण तिच्या आतील पृष्ठभागावर श्लेष्म्याचा दाट थर असतो आणि त्या थरात अम्लाचा प्रभाव नाहीसा करणारे बायकार्बोनेट असते. तरीही संरक्षणाला मर्यादा आहेतच. म्हणून अम्ल हवे तेव्हा, हवे तितकेच निघाले पाहिजे. चुलीतील जाळ स्वयंपाकापुरता ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. आपल्या पूर्वजांनी या क्रियेला जठराग्नी म्हटले, ते या दृष्टीने अन्वर्थक आहे.

जठराला पडलेली खिडकी

जठराच्या कामावर मनाचा परिणाम होतो, हे प्रथम प्रत्यक्ष पाहण्याची संधी एका अपघातामुळे मिळाली. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला चुकून बंदुकीची गोळी लागली. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याचे प्राण वाचविले. पण जखम पूर्णपणे बुजली नाही. पोटाच्या कातडीतून थेट जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्या छिद्रातून बोमाँट यांनी अनेक वर्षे जठराचे निरीक्षण केले आणि १८३३ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सेंट मार्टिन संतापला किंवा घाबरला की त्याच्या जठराच्या आतील आवरणाचा रंग पालटतो आणि रसाचे प्रमाणही बदलते, अशी नोंद त्यांनी केली. मनातील वादळ जठरापर्यंत पोचते एवढे यावरून दिसले. ते कोणत्या मार्गाने पोचते, हे मात्र कळले नव्हते.

तो मार्ग रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी शोधला. त्यांनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून अन्ननलिका मानेपाशी बाहेर उघडली, त्यामुळे कुत्र्याने गिळलेले अन्न जठरात न जाता बाहेर पडे. जठराला दुसरी नळी जोडून त्यातील रस वेगळा गोळा केला जाई. कुत्रा मांस चघळी आणि गिळी; त्याचा एक तुकडाही जठरात पोचत नसे, आणि तरीही सुमारे पाच मिनिटांत जठररस वाहू लागे. यानंतर पाव्हलॉव्ह यांनी मेंदूपासून जठराकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या प्राणेशा तंत्रिका तोडल्या. कुत्रा पूर्वीप्रमाणेच चवीने खात राहिला. पण आता रस येईना. निरोप्याची वाट सापडली होती. पचनक्रियेवरील या संशोधनाबद्दल पाव्हलॉव्ह यांना १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तंत्रिका म्हणजे मज्जातंतूंचा जुडगा. प्राणेशा, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातील व्हेगस, ही तंत्रिका मेंदूच्या तळापासून निघते आणि मानेतून व छातीतून खाली येत हृदय, फुप्फुसे, जठर व आतडी यांना शाखा देते. जेवणाच्या वेळी जेवढे अम्ल स्रवते, त्याचा साधारणपणे एक-तृतीयांशापर्यंतचा भाग केवळ दर्शन, गंध, चव आणि चर्वण यांमुळे, मेंदूच्या आज्ञेने स्रवतो. या पहिल्या टप्प्याला शीर्ष-अवस्था असे म्हणता येईल.

या अवस्थेत अनुभवालाही स्थान आहे. छत्तीसगढात रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवून सकाळी कांदा, मीठ व चटणीबरोबर खातात. त्याला बासी म्हणतात. लहानपणापासून ती खात आलेल्या माणसाच्या तोंडाला नुसत्या दर्शनाने पाणी सुटेल. नुकत्याच रायपूरला आलेल्या मराठी माणसाला कदाचित काहीच वाटणार नाही. त्याची भूक पिठले-भाकरीच्या वासाने चाळवेल. पदार्थांचे भात आणि पीठ हे रासायनिक घटक दोघांच्याही परिचयाचे आहेत. फरक आहे तो मेंदूत साठलेल्या आठवणींचा, आणि त्या आठवणीच जठराला निरोप धाडतात.

मेंदूतील केंद्रे आणि तेथील रसायने

डोळे, नाक व जीभ यांच्याकडून आलेली वार्ता मेंदूच्या निरनिराळ्या भागांत पोचते. त्यांपैकी अधोथॅलॅमस हा भाग भुकेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. याविषयीच्या ज्ञानात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. डॉ. बी. के. आनंद यांनी १९५१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासमवेत उंदरांवर प्रयोग केले. अधोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंकडील लहानसा भाग नष्ट केला की उंदीर समोर अन्न असूनही खाईनासे होत. पुढे डॉ. आनंद यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचा विभाग नावारूपास आणला.

अधोथॅलॅमस आणि त्याच्या शेजारचे भाग लंबमज्जेशी जोडलेले असतात. लंबमज्जा म्हणजे मेंदूचा पाठीच्या कण्याला मिळणारा देठ. तेथेच प्राणेशा तंत्रिकेच्या मूळ पेशी असतात. या पेशींना कामाला लावण्यासाठी शेजारच्या मज्जापेशी जी रसायने सोडतात, त्यांपैकी एकाचा अभ्यास बारकाईने झाला आहे. त्याचे संक्षिप्त नाव टी. आर. एच. ते अवघ्या तीन ॲमिनो अम्लांची साखळी असून १९६९ साली त्याची रचना निश्चित झाली, तेव्हा अवटू ग्रंथीला अप्रत्यक्ष चालना देणारा पदार्थ एवढीच त्याची ओळख होती. पुढे उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, हेच रसायन अत्यल्प प्रमाणात मेंदूभोवतीच्या द्रवात सोडले तर जठरात अम्लाचा पूर लोटतो. तेवढेच रक्तात सोडले तर काहीही होत नाही. आणि प्राणेशा आधीच तोडलेली असेल तर मेंदूत सोडूनही उपयोग होत नाही. तात्पर्य, हे रसायन स्वतः जठरापर्यंत जात नाही. ते मेंदूतच प्राणेशेच्या मूळ पेशींना जागे करते. पुढचे काम प्राणेशेचे.

मेंदूत याच्या उलट काम करणारी रसायनेही आहेत. १९८१ साली ओळखण्यात आलेले सी. आर. एफ. हे संकटप्रसंगी अधोथॅलॅमसमधून स्रवणारे रसायन आहे. ते प्रायोगिक प्राण्यांच्या मेंदूत सोडले असता अम्लाचा स्राव घटतो आणि जठर रिते होण्याची क्रियाही मंदावते. समोर वाघ उभा असताना भोजन पचविण्यात शरीराला स्वारस्य नसते. भीतीने पोटात गोळा येतो असे आपण म्हणतो. त्या अनुभवामागे अशी काही रासायनिक हकीकत आहे.

जठरातील तीन दूत

प्राणेशेच्या टोकाशी काय घडते? १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले की, प्राणेशा आपली आज्ञा एका रसायनाच्या द्वारे पोचविते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या शोधासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जठरातही शेवटचा निरोप मुख्यतः ॲसिटिलकोलीनच देते. भित्तीय पेशींवर त्याच्यासाठी खास ग्राहके असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते त्यांत बसते.

दुसरा दूत रक्तातून येतो. इंग्रज शास्त्रज्ञ एडकिन्स यांनी १९०५ साली जठराच्या शेवटच्या भागातील आवरणाचा अर्क काढून, त्यात अम्लाचा स्राव वाढविणारे हॉर्मोन असल्याचे प्रतिपादन केले व त्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. अनेकांना ते पटले नाही. अखेर १९६४ साली ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांतून ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि वाद मिटला. अन्नातील प्रथिने जठरात पोचली की गॅस्ट्रिन स्रवते. प्राणेशाही आपल्या तंतूंच्या द्वारे गॅस्ट्रिनच्या पेशींना चेतविते, म्हणजे एकच निरोप ती दोन वाटांनी धाडते.

तिसरा दूत हिस्टामीन. ते अम्लस्राव वाढविते असे पोलिश शास्त्रज्ञ पोपिएल्स्की यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. भित्तीय पेशींच्या शेजारीच असलेल्या काही पेशी ते साठवून ठेवतात आणि गॅस्ट्रिन येताच मोकळे सोडतात. किंबहुना गॅस्ट्रिनचा बराचसा प्रभाव या शेजाऱ्याकरवीच पडतो. तिन्ही दूत एकाच वेळी आले असता पंप सर्वाधिक जोराने चालतात. त्यांपैकी एकाला जरी अडविले, तरी इतर दोघांचेही बळ कमी होते.

या शेवटच्या गोष्टीतून एक औषध जन्मास आले. सर जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामीनची किल्ली कुलपात बसू न देणारे सिमेटिडीन तयार केले. १९७६ साली ते ब्रिटनमध्ये वापरात आले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थेट पंपच बंद पाडणारी ओमेप्राझोलसारखी औषधे आली.

स्राव थांबतो कसा?

कोणतीही आज्ञा मागे घेण्याची सोय नसेल तर ती धोक्याची ठरते. जेवण संपत आले की अम्लाला शोषून घेणारे अन्न कमी होते आणि जठरातील आम्लता वाढते. ही वाढ ओळखणाऱ्या पेशी सोमॅटोस्टॅटिन हे रसायन सोडतात. ते गॅस्ट्रिन, हिस्टामीन आणि भित्तीय पेशी या तिघांनाही आवरते. गंमत अशी की, १९७३ साली हे रसायन प्रथम सापडले ते अधोथॅलॅमसमध्ये. जठरात ते असल्याचे नंतर कळले. मेंदू आणि जठर यांची रासायनिक भाषा पुष्कळशी एकच आहे, याचा हा उत्तम पुरावा होय. अम्लमिश्रित अन्न लहान आतड्यात उतरले की तेथूनही सिक्रेटिन हे हॉर्मोन स्रवते आणि जठराला आवर घालते.

शिवाय प्राणेशा ही केवळ हुकूम नेणारी वाट नाही. तिच्या दर पाच तंतूंपैकी सुमारे चार तंतू पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेतात. जठर किती ताणले गेले, आतड्यात काय पोचले, याची खबर त्यांतून सतत वर जाते आणि मेंदू आपल्या आज्ञा त्याप्रमाणे बदलतो. म्हणून मेंदूला मालक आणि जठराला नोकर समजणे योग्य नाही. दोघांमध्ये अखंड संभाषण चालू असते.

मग व्रण चिंतेने होतो का?

या संभाषणाचा अर्थ लावताना वैद्यकाची एक मोठी चूक झाली. अमेरिकेत 'टॉम' या नावाने ओळखल्या गेलेल्या एका माणसाच्या जठरालाही सेंट मार्टिनप्रमाणे उघडे द्वार होते. वुल्फ आणि वोल्फ या दोन डॉक्टरांनी त्याचे निरीक्षण करून १९४३ साली ग्रंथ लिहिला. टॉम घाबरला की जठराचे आवरण फिके पडे व अम्ल कमी होई. मनातल्या मनात चिडला की आवरण लालबुंद होई व अम्ल वाढे. रागाने पित्त खवळते, या मराठी वाक्प्रचाराचेच जणू हे प्रात्यक्षिक होते. त्याच वर्षी शिकागोमध्ये ड्रॅगस्टेट यांनी व्रणाच्या रुग्णांच्या प्राणेशा तंत्रिका तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिने अम्ल घटे आणि व्रण भरून येई. पुढे कित्येक वर्षे ती भारतातही प्रचारात होती. यावरून व्रण हा चिंतेचा रोग आहे, अशी समजूत दृढ झाली.

परंतु भारतातूनच या समजुतीला छेद देणारी निरीक्षणे पुढे येत होती. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांमधील व्रणांचा अभ्यास करून १९६४ साली तो प्रसिद्ध केला. खाते एकच, नोकरीची शिस्त एकच. तरीही दक्षिणेकडील भात खाणाऱ्या प्रदेशांत व्रणाचे प्रमाण अधिक आणि वायव्येकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत कमी आढळले. पोळी-रोटी अधिक चावावी लागते, त्यामुळे लाळ अधिक मिसळते आणि संरक्षण मिळते, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क अंतिम ठरला नाही. पण केवळ कामाच्या ताणावर सारा दोष टाकता येत नाही, हे स्पष्ट झाले. छत्तीसगढसारख्या धानाचा कटोरा म्हणविणाऱ्या प्रदेशातील वाचकाने यावरून भात सोडण्याचे मात्र कारण नाही. मिरचीवरील आरोपही असाच तपासून पाहण्यात आला. दिल्लीतील डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आद्यांत्रातील व्रणाच्या निम्म्या रुग्णांना रोज तीन ग्रॅम लाल तिखट दिले. त्यांचे व्रण इतरांइतकेच बरे झाले.

खरे कारण वेगळ्याच दिशेने पुढे आले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा एक वक्राकार जंतू वाढवून दाखविला. त्याचे आजचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. इतक्या अम्लात जंतू जगूच शकत नाही, असे तोवर मानले जात होते. हा जंतू आवरणाला सूज आणतो, सोमॅटोस्टॅटिनचा आवर सैल करतो आणि पुष्कळ रुग्णांत गॅस्ट्रिन वाढवितो. म्हणजे मेंदू-जठर संभाषणातच तो ढवळाढवळ करतो. बहुसंख्य व्रण या जंतूमुळे अथवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, हे आज मान्य झाले आहे. वॉरन व मार्शल यांना २००५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. जंतूचा नायनाट प्रतिजैविकांच्या ठराविक मुदतीच्या उपचाराने होऊ शकतो.

मग मन अगदीच निर्दोष ठरले काय? तसेही नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर सर्वाधिक हानी झालेल्या भागात रक्तस्राव होणाऱ्या जठरव्रणांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांच्या जठरात जंतूही होताच. जंतू ज्यांच्या पोटात आहे, अशा सर्वांनाच व्रण होत नाही. दीर्घ ताण, अपुरी झोप, तंबाखू आणि गोळ्यांचा मारा यांची त्याला जोड मिळाली की संरक्षणाचा थर हार खातो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे आणि तो आचरणात आणण्याजोगा आहे. पोटदुखीच्या रुग्णाला 'तुम्ही उगीच काळजी करता' असे सांगून परत पाठविणे म्हणजे त्याच्या दुखण्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. आठवडेच्या आठवडे टिकणारी दुखणी, काळसर चिकट शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारे वजन किंवा घास गिळताना होणारा त्रास ही लक्षणे असल्यास दुकानातून अम्लनाशक गोळ्या घेऊन दिवस ढकलू नयेत. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्याचबरोबर मनाचे स्वास्थ्य, वेळेवर व निवांत जेवण यांचे महत्त्वही कमी लेखू नये. मेंदूकडून जठराकडे दिवसभर निरोप जातात आणि जठराकडून मेंदूकडे त्याहून अधिक येतात. जेवणाच्या सुटीत घरी आलेल्या त्या गृहस्थांचे जठर पहिल्या घासाच्या आधीच कामाला लागले होते. त्यांनी दोन घटका स्वस्थ बसून, नीट चावून जेवावे, एवढी सवड त्या जठराला देणे आपल्या हाती आहे.